आत्याला कोणी एलियन म्हटलं?

परवा रात्री साडेदहाला आत्याचा फोन. आत्या डोंबिवलीची, रिटायर्ड शिक्षिका, मुलगा न्यू जर्सीत एडिसनला, गेली तीन वर्षं दरवर्षी नातवाला सांभाळायला जाऊन येते. फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "अरे, मला एलियन म्हणतायत!"

झालं असं होतं की मुलाने तिकडच्या सेव्हिंग खात्यात आईचंही नाव घातलेलं, आणि त्याच्या टॅक्सवाल्याने ईमेल करून विचारलं की आई रेसिडेंट एलियन की नॉनरेसिडेंट एलियन. "म्हणजे एलियन आहे हे तर ठरलेलंच, कुठल्या जातीची तेवढं सांगायचं," आत्या म्हणाली. मी पोटापुरतं भाषांतराचं काम करतो, फॉर्म, करारनामे, सर्टिफिकेटं असलं काहीबाही, त्यामुळे घरात इंग्रजीचं काही अडलं की माझा नंबर लागतो. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहून काढतोय, कारण सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्पने नव्या एच-वन-बी (तिकडे नोकरीसाठी मिळतो तो व्हिसा) अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली तेव्हापासून एलियन, इमिग्रंट, नॉनइमिग्रंट, फॉरेन वर्कर हे शब्द बातम्यांत धो धो येतायत आणि आपले चॅनलवाले सगळ्याला सरसकट "परदेशी नागरिक" म्हणून मोकळे होतात.

फॉरेनर म्हणजे दाराबाहेरचा

सगळ्यात साधा शब्द आधी घेऊ. फॉरेन हा शब्द लॅटिनमधल्या "फोरिस"वरून आला, अर्थ दाराबाहेर. आणि गंमत म्हणजे हा लॅटिन शब्द आणि आपलं "द्वार" हे लांबचे भाऊबंद आहेत, एकाच मुळातून आलेले. (स्पेलिंगमधला तो न उच्चारायचा "जी" मात्र नंतर कोणीतरी "रेन" म्हणजे राज्य करणे या शब्दाच्या नादात घुसवला, शाळेत आपण त्यासाठी उगाच छड्या खाल्ल्या.)

आता मराठीत आपण या शब्दाचं काय केलंय बघा. "तो फॉरेनला गेला", "फॉरेनहून आणलंय". आपल्याकडे फॉरेन हा एक देशच आहे, तिथे चॉकलेटं मिळतात. इंग्रजीत असं चालत नाही, तिथे ते विशेषण आहे आणि जागेसाठी "अब्रॉड" म्हणतात. आणि "फॉरेनर" म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गोरा माणूस, गळ्यात कॅमेरा, गेटवेपाशी उभा. पुण्यात शिकणाऱ्या नायजेरियन मुलाला किंवा सोसायटीच्या नेपाळी वॉचमनला आपण फॉरेनर म्हणत नाही. कायद्याने मात्र दोघंही फॉरेनरच. नेपाळच्या माणसाला भारतात यायला व्हिसा लागत नाही हे खरं, पण व्हिसा न लागणं वेगळं आणि नागरिक असणं वेगळं.

इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये या एका शब्दाच्या तीन-चार पायऱ्या आहेत. "ही इज अ फॉरेनर" यात किंचित टोचतं, माणसाला परकेपणाचं लेबलच चिकटवल्यासारखं. "ही इज फ्रॉम अब्रॉड" यात काही टोचत नाही, कुठून आला ती माहिती आहे फक्त. "फॉरेन नॅशनल" हे पोलीस, बँक, एचआर यांचं, इस्त्री केलेलं. आणि कॉलेजं तर फॉरेन स्टुडंट म्हणायचंच टाळतात, इंटरनॅशनल स्टुडंट म्हणतात, तोच मुलगा, तीच फी, फक्त ब्रोशरमध्ये बरं दिसतं. १९९० मध्ये सीएनएन काढणाऱ्या टेड टर्नरने आपल्या चॅनलवर फॉरेन हा शब्द वापरायला चक्क बंदी केली होती, इंटरनॅशनल म्हणा म्हणून. जगभर बघितलं जाणारं चॅनल, त्यांच्या प्रेक्षकांसाठी फॉरेन नक्की कोण, हा प्रश्न बरोबरच होता.

मग एलियन ही शिवी आहे का?

मुळात नाही. लॅटिन "एलिएनुस" म्हणजे दुसऱ्याचा. आपल्या "पर"सारखंच, परका, परधन. इंग्रजीत हा शब्द काही शतकं जुना आहे, हिरव्या तोंडाचे आणि तबकडीतून येणारे एलियन विसाव्या शतकातले. अमेरिकेच्या १७९८ च्या कायद्याच्या नावातच "एलियन एनिमीज" आहे आणि २०२५ च्या मार्चमध्ये व्हेनेझुएलाच्या लोकांना हाकलायला तोच सव्वादोनशे वर्षांचा कायदा बाहेर काढला गेला.

अमेरिकेचा आजचा इमिग्रेशन कायदा १९५२ चा. त्यात एलियनची व्याख्या एका ओळीची आहे: जो अमेरिकेचा सिटिझन नाही आणि नॅशनलही नाही तो. हे "नॅशनल" काय आणखी? तर अमेरिकन समोआ नावाचा पॅसिफिकमधला अमेरिकेच्या ताब्यातला बेटांचा समूह आहे, तिथे जन्मलेले लोक अमेरिकेचे नॅशनल असतात पण सिटिझन नसतात. म्हणजे ते नॉनसिटिझन, पण एलियन नाहीत. हे वकिलांच्या कामाचं आहे, आपण सोडून देऊ, पण लक्षात एवढं ठेवा की दोन शब्द अगदी शंभर टक्के एक नाहीत.

कारण भांडण नेमकं यावरच झालं. २०२१ मध्ये बायडन सरकारने इमिग्रेशन खात्यांना सांगितलं की बोलण्या-लिहिण्यात एलियन टाळा, नॉनसिटिझन म्हणा. २०२५ मध्ये ट्रम्प परत आले तसा एलियनही परत आला. कॅलिफोर्नियाने त्याच्याही आधी, २०१५ मध्येच, आपल्या कामगार कायद्यातून हा शब्द काढून टाकला होता. माझं विचाराल तर शब्द शिवी नव्हता, पण ज्या तोंडातून आणि ज्या सुरात तो इतकी वर्षं आला त्यामुळे झाला. "बाई" या शब्दाचं काय झालं बघा ना, बाळाबाई, अहिल्याबाई म्हणताना आदर, आणि "ए बाई" म्हटलं की संपलं.

आणखी एक मजा. ब्रिटनच्या कायद्यात तुम्ही-आम्ही एलियन नाहीच. तिथल्या १९८१ च्या नागरिकत्व कायद्यात कॉमनवेल्थ देशांचे नागरिक आणि आयरिश लोक एलियनच्या व्याख्येतून बाहेर ठेवलेत. त्यामुळे लंडनमध्ये कायदेशीर राहणारा भारतीय पासपोर्टवाला मराठी माणूस तिथल्या पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. बाजूच्या घरातला जर्मन नाही देऊ शकत. म्हणजे तिथे फॉरेनर वेगळा आणि एलियन वेगळा.

पंधरा वर्षं राहून "नॉनइमिग्रंट"?

एक लाख डॉलरवाल्या त्या आदेशाच्या शीर्षकातच "नॉनइमिग्रंट वर्कर्स" असं लिहिलंय. एच-वन-बीवर तिकडे घर घेतलेली, पोरं शाळेत घातलेली, गणपतीत लेझीम खेळणारी माणसं, आणि ती इमिग्रंट नाहीत?

याला सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. लीव्ह अँड लायसन्स. मुंबई-पुण्यात फ्लॅट भाड्याने घेताना अकरा महिन्यांचा जो करार करतो तो. त्यात तुम्ही "भाडेकरू" नसता, "लायसन्सी" असता. बोलताना सगळे भाडेकरूच म्हणतात, वॉचमनही म्हणतो, पण कागदावर मालकाने तुम्हाला काही काळ राहायची फक्त परवानगी दिलेली असते, घरावर हक्क दिलेला नसतो. दहा वर्षं दर अकरा महिन्यांनी करार रिन्यू केलात तरी तुम्ही लायसन्सीच. नॉनइमिग्रंट म्हणजे हेच. एच-वन-बी तीन वर्षांचा, मग आणखी तीन, ग्रीन कार्डची फाइल एका टप्प्यापर्यंत मंजूर झालेली असेल तर पुढेही वाढत राहतो, आणि त्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला वर्षाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. तोवर करार रिन्यू करत राहायचं.

इमिग्रंट म्हणजे अमेरिकन कायद्याच्या भाषेत कायमचं राहायला आलेला, ग्रीन कार्डवाला. पेपरात मात्र इमिग्रंट म्हणजे दुसऱ्या देशातून येऊन राहिलेला कोणीही. दोन्ही बरोबर, पण एकाच बातमीत दोन्ही अर्थ आले की वाचणाऱ्याचं डोकं फिरतं.

आणि बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत व्हिसा इंटरव्ह्यूत पोरांना कायद्याचं "दोनशे चौदा बी" कलम लावून नाकारतात त्याचंही मूळ याच शब्दात आहे. कायदा म्हणतो की समोर आलेला प्रत्येक एलियन इमिग्रंटच आहे असं धरून चाला, आपण तसे नाही हे त्याने ऑफिसरला पटवून द्यायचं. म्हणून टुरिस्ट आणि स्टुडंट व्हिसाला "परत येणार का, इकडे काय आहे तुमचं" हे प्रश्न. एच-वन-बीला ही अट नाही, त्यांना मनात ग्रीन कार्डचा विचार ठेवून यायला मुभा आहे. शिकायला जाणाऱ्या पोराच्या आय-ट्वेंटी फॉर्मवर वरच "नॉनइमिग्रंट स्टुडंट" असं छापलेलं असतं, ते कोणी वाचत नाही, सगळे फीचा आकडा बघतात.

लीव्हवरून आठवलं, ब्रिटनच्या व्हिसात "लीव्ह टू रिमेन" असतं. माझ्याकडे एकाने भाषांतराला कागद आणला होता, त्याने स्वतः वरती पेन्सिलीने लिहिलं होतं, "सोडून राहणे??" बिचारा. लीव्ह म्हणजे तिथे सोडणं नाही आणि सुट्टीही नाही, परवानगी. लीव्ह अँड लायसन्समधला लीव्ह तोच.

मग टॅक्सवाल्याचा "रेसिडेंट" कुठून आला?

आता आत्याचा प्रश्न. इमिग्रेशन खातं विचारतं, तू इथे कशासाठी आलास. टॅक्स खातं विचारतं, तू इथे किती दिवस होतास. दोन खिडक्या, दोन रजिस्टरं. रेल्वेत तुम्ही पॅसेंजर, दवाखान्यात पेशंट, रेशनच्या दुकानात कार्डधारक, तसंच. त्यामुळे एच-वन-बीवाला एका खिडकीवर नॉनइमिग्रंट आणि दुसऱ्या खिडकीवर रेसिडेंट एलियन असतो, एकाच दिवशी, एकाच शर्टात.

रेसिडेंट एलियन ठरायचे मुख्य रस्ते दोन. एक, ग्रीन कार्ड. दुसरा, दिवस. चालू वर्षात किमान ३१ दिवस हवेत, आणि चालू वर्षाचे सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा, अधिक त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवसांचा सहावा हिस्सा, अशी बेरीज १८३ किंवा जास्त झाली की तुम्ही रेसिडेंट. उतरल्याचा दिवस मोजायचा, निघाल्याचाही मोजायचा. दरवर्षी १२० दिवस राहिलात तर १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८०, वाचलात. दरवर्षी सहा सहा महिने राहून येणारे आजी-आजोबा सरळ रेसिडेंटमध्ये बसतात, व्हिसा टुरिस्टचा असला तरी. आणि रेसिडेंट झालं की अमेरिका तुमची जगभरची कमाई हिशोबात धरते, आपली पेन्शनसुद्धा.

घाबरायचं कारण नाही, सुटायची वाट आहे. चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस असाल, घरदार आणि कमाई भारतातच असेल, ग्रीन कार्डासाठी अर्ज केलेला नसेल, तर माझं खरं नातं भारताशीच जास्त जवळचं आहे असं सांगणारा एक फॉर्म वेळेत भरायचा. पण तो भरावा लागतो हेच मुळात कोणाला माहीत नसतं.

विद्यार्थ्यांचं उलटं. एफ-वनवर गेलेल्या मुलाचे पहिली पाच कॅलेंडर वर्षं दिवस मोजतच नाहीत. ऑगस्ट २०२० ला गेला असेल तर ते चार-पाच महिनेही एक पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे २०२० ते २०२४ संपलं आणि २०२५ पासून मोजणी. या काळात तो "एक्झेम्प्ट इंडिव्हिज्युअल" असतो आणि हा शब्द फार फसवा आहे, कारण पोरं समजतात टॅक्स माफ. टॅक्स माफ नाही, दिवस मोजणं माफ! मात्र नॉनरेसिडेंट असेपर्यंत एफ-वनवाल्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे (तिकडची सरकारी पेन्शन आणि म्हातारपणीचा आरोग्य विमा) मिळून ७.६५ टक्के कापायचे नसतात. ऑफिसमध्ये शेजारी बसणाऱ्या एच-वनवाल्याचे कापतात. शब्दांत काय एवढं, असं म्हणणाऱ्यांनी दोघांच्या पे-स्लिपा शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात.

"इल्लीगल ते इल्लीगल, त्यात शब्द काय शोधायचे?"

हा आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो, फॅमिली ग्रुपवर तर जास्तच. त्यात थोडं तथ्य आहे, गोड शब्द लावून सत्य झाकायचं कशाला. पण इल्लीगल हा शब्दच सत्य झाकतो ही अडचण आहे. परवानगी नसताना चोरून सीमा ओलांडणं हा अमेरिकेत गुन्हा आहे. व्हिसावर रीतसर येऊन मुदत संपल्यावर राहून जाणं हे नुसतं तेवढंच असेल तर दिवाणी स्वरूपाचं उल्लंघन आहे, त्यासाठी हाकलू शकतात, पण ते चोरून घुसण्याच्या पंक्तीला बसत नाही. "इल्लीगल एलियन" म्हटलं की दोन्ही एका पोत्यात. म्हणूनच असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने २०१३ मध्ये ठरवलं की इल्लीगल हे कृत्याला म्हणायचं, माणसाला नाही. आपणही नो-पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्याला "बेकायदेशीर माणूस" म्हणत नाही.

दुसऱ्या बाजूचा लाडका शब्द "अनडॉक्युमेंटेड", तोही काही धुतल्या तांदळाचा नाही. मुदत उलटून राहिलेल्याकडे कागद ढीगभर असतात, पासपोर्ट असतो, जुना व्हिसा असतो, नसते ती चालू परवानगी. त्यातल्या त्यात "अनऑथराइज्ड" जास्त अचूक, पण तो कोरडा, मोर्च्यात घोषणा देता येत नाही त्याची.

एक्सपॅट कोण, मायग्रंट कोण

एक्सपॅट म्हणजे "मायदेशाबाहेरचा". डिक्शनरीच्या हिशोबाने जो काही वर्षांसाठी बाहेर गेलाय आणि परत जाणार आहे तो. या हिशोबाने एच-वन-बीवाला आपला जोशी एक्सपॅट आणि स्पेनमध्ये कायमचा बंगला घेऊन राहिलेला इंग्रज म्हातारा इमिग्रंट. पेपरात उलटं असतं. इंग्रज म्हातारा एक्सपॅट, जोशी इमिग्रंट. कातडीचा आणि पैशाचा रंग शब्दावर चढतो तो असा. आखातात मात्र वेगळं, दुबईच्या इंग्रजी पेपरांत आपले मालवणी, मल्याळी सगळे एक्सपॅट, कारण तिथे नागरिकत्व जवळजवळ मिळतच नाही, सगळेच परत जाणारे. अर्थात लेबर कॅम्पमध्ये राहणाऱ्याला तिथेही बहुतेक वेळा "वर्कर"च म्हणतात.

मायग्रंट तर देश बदलला की अर्थ बदलतो. ब्रिटिश पेपरात मायग्रंट म्हणजे फ्रान्सकडून इंग्लिश खाडी ओलांडून रबरी बोटीने येणारा. आपल्याकडे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मायग्रंट म्हणजे मुंबईहून पायी उत्तर प्रदेशाकडे निघालेला, ज्याने कुठलीच आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली नव्हती. मराठी पेपरांनी तेव्हा "स्थलांतरित" लिहिलं, त्याच माणसाला निवडणुकीच्या दिवसांत "परप्रांतीय" म्हणतात. गोव्यात "भायलो". माणूस तोच, बोलणाऱ्याच्या पोटात काय आहे ते कळतं.

रेफ्युजीचं तसं नाही, त्याला १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या आहे: धर्म, वंश, राजकीय मत अशा कारणांनी छळ होईल अशी सकारण भीती असल्याने देशाबाहेर असलेला. असायलम सीकर म्हणजे ज्याने तसं संरक्षण मागितलंय आणि अजून निकाल लागायचाय. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, म्हणून आपल्याकडे आलेला रेफ्युजीही कायद्याच्या नजरेत मुळात फॉरेनरच.

आपल्या घरातले: एनआरआय आणि ओसीआय

लग्नाच्या जाहिरातीत सगळे एनआरआय. खरं तर एनआरआय म्हणजे भारतीय पासपोर्ट असलेला, बाहेर राहणारा. त्याला मत देता येतं, पण इथे येऊन. ओसीआय म्हणजे "ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया", आणि नावात सिटिझन असलं तरी तो भारताचा नागरिक नाही! आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाहीच, अमेरिकन पासपोर्ट घेतला त्या क्षणी भारतीय नागरिकत्व गेलं. ओसीआयला व्हिसा लागत नाही, राहता येतं, नोकरी करता येते, मत नाही. शेतजमीन विकत घेणं दोघांनाही बंद, वारसाने मिळाली तर गोष्ट वेगळी. गावाकडे वाटणीच्या बैठकीत काका तावातावाने "मी पण सिटिझनच आहे, कार्डावर लिहिलंय" म्हणतात तेव्हा तलाठ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

"पण बोलताना कोण एवढा विचार करतं?"

करावा लागतो कधी कधी. "व्हेअर आर यू फ्रॉम" आणि "व्हेअर आर यू रिअली फ्रॉम" यात एकाच शब्दाचा फरक. पहिला गप्पांचा, दुसरा तुझं उत्तर मला पटलं नाही असं सांगणारा. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बकिंगहॅम पॅलेसमधल्या एका कार्यक्रमात राजघराण्याजवळच्या एका ज्येष्ठ बाईंनी ब्रिटनमध्येच जन्मलेल्या एका कृष्णवर्णीय पाहुणीला असंच खोदून खोदून विचारलं आणि त्यांना आपलं पद सोडावं लागलं. आपल्याला यात काय चुकलं ते पटकन कळत नाही, कारण आपल्याकडे "मूळचे कुठले?" हा आपुलकीचा प्रश्न आहे, गाव कळलं की पुढे आडनाव, मग नातं निघतंच.

असो. हे सगळं ऐकून आत्याने "थांब" म्हणून फोन बाजूला ठेवला, पासपोर्ट काढला, तीन वर्षांची कालनिर्णयं काढली (टाकत नाही ती, मागे दुधाचा हिशोब असतो) आणि शिक्के बघून दिवस मोजले. २०२५ चे ११९. २०२४ चे १५०, त्याचे ५०. २०२३ चे ९०, त्याचे १५.

"एकशे चौऱ्याऐंशी," ती म्हणाली. "म्हणजे रेसिडेंट?"

"हो. तो जवळच्या नात्याचा फॉर्म भरायला सांग त्याला."

"आणि दोन दिवस आधी निघाले असते तर?"

"तर नॉनरेसिडेंट."

जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोन दिवस जास्त राहिले कारण सूनबाई म्हणाली चकल्या करून जा."